कनगीखालचं पंचांग

अमडापूर
आश्विन शुद्ध ३, शके १८५७

चि. सौ. रुख्मिनीले,

चिरंजीव लिव्हलं, सौभाग्यवती बी लिव्हलं. आता त्यातलं काही खोडत नाई.

हे कागद तुह्या मोठ्या जावेचं, गोजरबाईचं. अक्षर पाहून तुले समजलंच असंन. तूच शिकवलं ते. वेलांटी कुठी अन् काना कुठी, अजून चुकते. पुस्तकासारखं लिव्हता येत नाई, बोलते तसंच लिव्हते. हसाचं असंन त हास.

शेजारचे रामराव बालाजीच्या यात्रेले देऊळगावले निंघाले, त्यायच्या हाती धाडून राह्यली. अठी समदे बरे हायेत. म्हैस व्याली, रेडकू झालं. कपाशी कंबरेले लागली. आपल्या सासूचे, आत्याबाईचे गुडघे तसेच. गीताले सहावं लागलं. पयले रोज विचारे, काकू कधी येते? आता नाई विचारत. पोरायले कितीक दिवस याद राहते?

मागच्या साली झालं ते झालं, रुख्मिने. माही गीता तापानं फनफनली व्हती. आत्याबाईनं कडूबा भगताले बोलावलं, त्यानं सांगतलं का ज्वारीच्या कनगीखाली पाहा, अन् पाह्यलं त तुहं पंचांग निंघालं. त्यात पानं, पिसं, अन् सर्वपित्रीच्या अवसेवर सापाची कात. म्हाताऱ्या मानसाले काय समजनार? करनी वाटली, टाकलं चुलीत. मी तं भाकरी थापून राह्यली व्हती. मांगं वळून पाहीपर्यंत जळालं बी. मंग तुले देऊळगावले मायच्या घरी धाडलं. माह्या हातात काय व्हतं, तूच सांग.

आता खरं सांगाचं ते सांगते. अर्जुनभाऊजीसाठी लोनारकडचं एक स्थळ आलं हाय. तुळशीचं लगीन झालं का सुपारी फोडू, असं आत्याबाई म्हनते. म्हने, करनीवाली घरात पाह्यजे नाई. भाऊजी हो बी म्हनत नाई अन् नाई बी म्हनत नाई, खाली मान घालून जेवते. तुह्या बाबाले सांगून तू काही कर. जाऊ म्हनून माह्या कानावर आलं ते तुह्या कानावर घातलं.

गोजरबाई


अमडापूर
आश्विन शुद्ध ११

रुख्मिनी,

रामराव आले. म्या विचारलं, "कागद देलं का?"

"देलं."

"मंग काय म्हनली?"

"काही नाई. घेतलं अन् आत गेली."

मले राग आला, खोटं काऊन बोलू? मनात म्हनलं, वा वं वा, एवढा तोरा! मी आपली जीव तोडून लिव्हते अन् हिच्या तोंडातून शब्द निंघत नाई. दोन दिवस भांडे आपटले. मंग काल दसरा झाला, अन् माहा राग कुठच्या कुठी गेला.

आपटा लुटून पोरी घरी आल्या. गीता जेवाले बसली, अन् तिच्या परकराच्या ओच्यातून एक पीस खाली पडलं. नीलकंठाचं. अर्धं निळं, अर्धं काळपट. दसऱ्याले नीलकंठ दिसला त लोकं हात जोडते, अन् हिले त त्याचं पीस भेटलं. मी म्हननार व्हती, अवं किती सुंदर! पन माह्यं तोंड उघडाच्या आधीच पोरगी वरडली, "माय, ते माह्यं नाई! म्या नाई आनलं! वाऱ्यानं आलं!" अन् उठली, अन् सोताच ते चुलीत टाकलं. हात भाजला तिचा. अन् माह्याकडे पाहून राह्यली, का आता तरी माय खुश झाली का म्हनून.

सहा वर्साचं लेकरू, रुख्मिने. पिसाले भेते.

रात्री तिच्या हाताले लोनी लावलं, अन् तुहं सांगनं आठोलं. मागच्या कागदात म्या लिव्हलं का मी भाकरी थापून राह्यली व्हती. थापतच व्हती. पन तू माह्याकडे वळून म्हनली, "बाई, तुमाले त ठाव हाय. तुमी सांगा ना." अन् म्या म्हनलं, "मले काय ठाव वं?" अन् भाकरी उलटवली. ती खालून अजून शेकली बी नोती.

मले समदं ठाव व्हतं. तुनंच दाखवलं व्हतं, दुपारच्याले, आत्याबाई निजल्या का. ज्या तिथीले जे दिसलं ते त्या तिथीच्या पानात. पाडव्याले आघाड्याचा तुरा. नागपंचमीले चिमनीचं पीस. अवसेच्या दिवशी बांधावर कात भेटली म्हनून ती अवसेच्या पानात, अजून काय कारन असनार? बाजूले बारक्या अक्षरात तू लिव्हत जाय, कुठी भेटलं अन् कोनाले दिसलं ते. कनगीखाली ठेवलं कारन मनभर ज्वारीचं वजन पडते अन् पान सपाट राहते. तू म्हने, "बाई, शरदात देव रोज काही ना काही टाकून जाते, आपून उचलत नाई एवढंच." मी हसली व्हती. म्हनलं, देव टाकते त कचरा कोन टाकते? तू बी हसली व्हती.

तर मले ठाव व्हतं, अन् मी मुकी राह्यली. हे तुले लिव्हाचं व्हतं.

गोजर


अमडापूर
आश्विन वद्य २

रुख्मिनी,

कोजागिरी झाली. भुलाबाई बोळवली. पोरी गानं म्हनत नाचल्या, खिरापत वाटली. गीता दाराशी बसून राह्यली. म्हनलं, जाय ना खेळाले. त म्हने, नाई.

तुहं उत्तर नाई. देऊ बी नको. आता मी उत्तरासाठी लिव्हत नाई. एक गोष्ट पोटात हाय, दोन कागदं झाले तरी आतच बसली हाय. चोराच्या मनात चांदनं म्हनते तसं झालं.

कडूबानं कनगीचं नाव घेतलं नोतं.

त्यानं तांदूळ फेकले, डोळे फिरवले, अन् म्हनला, घरात काही ठेवेल हाय. हे त तो दर घरात म्हनते. मोघ्याच्या घरी म्हनला, पाटलाच्या घरी बी म्हनला. आत्याबाई म्हने, कुठी हाय? तो इकडे पाहे, तिकडे पाहे, त्याले काय डोंबलं ठाव! मंग म्या हळूच म्हनलं, "कनगीखाली पाह्यलं का कोनी?"

म्या म्हनलं, रुख्मिने. मीच.

तू म्हनशीन, पोरीच्या तापानं बाईचं डोकं फिरलं असंन. मी बी सालभर मनाले हेच सांगतलं, का मायचा जीव हाय, भ्याला. पन तवा ताप उतरला व्हता! तूच डाकवाल्याजवळून तापाच्या कोयनेलच्या पुड्या आनल्या व्हत्या, गुळात घालून तिच्या तोंडात कोंबत व्हती. तिसऱ्या दिवशी घाम फुटला. कडूबा पाचव्या दिवशी आला. पोरगी तवा पेज पिऊन राह्यली व्हती.

मंग काऊन केलं? सांगते. आज नाई सांगतलं त कधीच सांगनार नाई.

तापात पोरगी बडबडे. दोन दिवस, दोन राती मी तिच्या उशाशी. अन् ती हाक मारे, "काकू. काकू, पान दाखव." मी म्हनो, बाई, मी हाय ना, माय हाय. ती माह्या हाताले बाजूले सारे. तू आली का गप. तू कोनतं तरी वाळलेलं पान तिच्या डोळ्यासमोर धरे अन् ती निजे. पोटची लेक माही, अन् तिले तुहं सुकलेलं पान पाह्यजे व्हतं, माहा हात नाई.

म्हनून म्या कनगी दाखवली. करनी म्हनून नाई. मले त्या पंचांगाचा हेवा आला व्हता. एवढीच लाजीरवानी गोष्ट हाय. लिव्हताना कान तापून राह्यले माहे.

गोजर


अमडापूर
आश्विन वद्य १३

रुख्मिनी,

दिवाळी आली. फराळाचं चालू हाय. लोनारचे पाव्हने बारशीले, तुळशीच्या लग्नालेच येनार. आत्याबाईनं सुपारी आनून डब्यात ठेवली हाय.

म्या एक येडेपना केला. म्हनलं, पोरीले पानं गोळा करून देऊ, म्हनजे तिची भीती जाईन. पहाटे उठून शेजारच्या परसातले पारिजाताचे फुलं येचले. शेवंतीच्या पाकळ्या, तरोट्याच्या शेंगा, बोरीचं एक पिवळं पान, तेबी येचलं. किरान्याच्या पुड्यायच्या कागदात घातले अन् कनगीखाली ठेवले. चार दिवसानं काढले त काळं कुट्ट झालेलं, बुरशी लागलेली, वास सुटलेला. पारिजाताचं त नुसतं पानी. तुहे कसे राहत व्हते वं? दांड्या तशाच केसरी, पाकळ्या तशाच पातळ. म्या कधी विचारलंच नाई. पाह्यलं, वा म्हनलं, अन् सैपाकाले लागली.

आता शेवटचं.

तुहं पंचांग समदं जळालं नाई. एक पान माह्याजवळ हाय.

कडूबा सांजच्याले येनार व्हता. दुपारी म्या कनगी हलवून पंचांग काढलं अन् त्यातलं एक पान फाडून घेतलं. आश्विन शुद्ध पंचमीचं. मंग पंचांग जागच्या जागी ठेवलं. त्या पानावर कपाशीचं फूल व्हतं, अन् बाजूले तुहं अक्षर, "कपाशीचं फूल. काल पिवळं, आज तांबूस. गोजरबाईनं दाखवलं."

भाऊजी गावाहून आले अन् त्यायनं वाचलं त? माहं नाव निंघालं असतं. लोकायनं म्हनलं असतं, मोठी बी हिच्यात सामील व्हती. म्हनून फाडलं. म्हनजे घाबरून, रागाच्या भरात, अचानक काही झालं नाई, रुख्मिने. म्या दुपारीच समदं ठरवलं व्हतं. अन् सोतापुरतं वाचवून घेतलं व्हतं.

तो दिवस तुले आठोते का? दोघी वावरात निंदाले गेलो व्हतो. म्या सहज म्हनलं, हे फूल पाह्यलं का, काल पिवळं व्हतं, आज लाल झालं, उद्या गळन. म्या काय, जन्मल्यापासून पाहते. अन् तू खुरपं टाकलं अन् माह्याकडे अशी पाह्यली का म्या तुले पाटल्या केल्या. "बाई, तुमाले एवढं ठाव हाय अन् तुमी बोलल्याच नाई!" म्हनली. माह्या बोलन्यानं कोनी इतकं खुश झालं नोतं. नवऱ्याच्या घरी नाई, मायच्या घरी बी नाई.

अन् नेमकं तेच पान म्या फाडलं. माह्या शालूच्या घडीत हाय. फूल कागदाले चिकटलं हाय, शाबूत हाय. दर सनाले शालू काढते अन् घडी न मोडता परत ठेवते.

गोजर


अमडापूर
कार्तिक शुद्ध १३

रुख्मिनी,

काल बारस झाली. काय झालं ते दुसऱ्याच्या तोंडून आयकाच्या आधी माह्याकडून आयक.

पाव्हने दुपारीच आले. लोनारच्या पोरीचा मामा इंद्रभान, अन् संगं दोघं. तिनीसांजेले तुळशीपुढे ऊस बांधले, अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाले, समद्या गल्लीच्या बाया अंगनात. अक्षता पडल्या अन् आत्याबाईनं डबा उघडला. भाऊजी खाली पाहून राह्यले. मले वाटलं का आता हे बोलतीन. कायचं बोलते? अर्जुनभाऊजी मानूस चांगला, पन मायपुढे त्यायचं तोंड शिवलेलं.

मंग म्याच म्हनलं, "थांबा. मले एक वाचाचं हाय."

आत्याबाई म्हने, "काय कराचं हाय?"

"वाचाचं."

"तुले वाचता येते?"

रामरावाशिवाय कोनालेच ठाव नोतं, रुख्मिने. घरधन्याले बी नाई. दुपारच्याले चोरून शिकली ना मी. म्या शालूतलं पान काढलं अन् तुळशीजवळच्या दिव्यापाशी धरून वाचलं. अडखळत वाचलं, पन वाचलं. "कपाशीचं फूल. काल पिवळं, आज तांबूस. गोजरबाईनं दाखवलं."

मंग म्हनलं, "त्या पंचांगात असंच व्हतं समदं. पानावर जे दिसलं ते लिव्हलेलं. करनी नोती. मले ठाव व्हतं. कनगी कडूबानं नाई दाखवली, म्या दाखवली. हे पान म्याच आधी फाडून घेतलं, माहं नाव हाय म्हनून. अन् पोरगी रुख्मिनीच्या कोयनेलनं बरी झाली."

घरधनी पुढे आले, म्हने, "चाल, घरात चाल, तमाशा नको करू." भाऊजीनं त्यायचा हात धरला. पयल्यांदा पाह्यलं मी, लहान्या भावानं मोठ्याचा हात धरलेला. मंग माह्या हातातलं पान घेतलं, दिव्याशी नेलं, अन् वाचलं. तुहं अक्षर पाह्यलं अन् धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, समद्या बायांपुढे.

इंद्रभान शहाना मानूस निंघाला. पागोटं नीट केलं, दोघा भावायले म्हनला, "रंगराव, अर्जुनराव, नांदती लक्ष्मी घरात असताना आमची पोरगी आमी देनार नाई. तिले घेऊन या." चहा बी न पिता गेले.

कडूबा बी व्हता तठी. मेला म्हनते कसा, मले तवाच दिसलं व्हतं का सुनेत दोष नाई! उचलली जीभ अन् लावली टाळ्याले.

समदे गेल्यावर आत्याबाई माह्यासमोर बसल्या, अन् दोन्ही हात पुढे केले. म्हने, "ह्या हातानं जाळलं म्या. निरपराध पोरीचं. तुनं माहे हात वापरले गोजर." त्यायनं मारलं असतं त बरं झालं असतं. तवापासून माह्या हातचं पानी घेत नाई. घरधनी बी बोलत नाई. बाया पानवठ्यावर मी गेली का गप होते. होऊ दे. माहंच पेरलेलं हाय.

गीताले समदं समजलं का नाई, ठाव नाई. ती माह्या मांगं उभी व्हती, पदर धरून.

भाऊजी उद्या सकाळच्या मोटारीनं देऊळगावले येऊन राह्यले. त्यायच्या हाती ते पान देते. तुहं हाय ते. माह्यासाठी त्यायच्या संगं येऊ नको. यावं वाटलं त सोतासाठी ये.

गोजर


अमडापूर
कार्तिक वद्य ४

रुख्मिनी,

भाऊजी एकटेच आले. म्हने, संकरात झाल्यावर येते म्हनली, अन् आली त चूल येगळी मांडीन म्हनली. बरोबर हाय. कनगी बी येगळी करू. मी आत्याबाईले सांगून ठेवते, त्या बोलत नाई, पन कान देते.

तू विचारलं म्हने, गीताचा हात भाजला व्हता तो बरा झाला का. म्हनजे माहे कागदं तू वाचले. बरा झाला, डाग तेवढा राह्यला.

गीतासाठी धाडलेलं या सालचं पंचांग भेटलं. उघडलं अन् पानामागून पान उलटत गेली. पाडव्यापासून भाऊजी तठून निंघाले तवापर्यंत दर तिथीले काही ना काही हाय. जळाल्यावर बी तू थांबली नाई त! सालभर, मायच्या घरी, लोकायचं आयकत, रोज एक येचत व्हती. अन् आश्विन शुद्ध पंचमीले मागच्या सालचं ते कपाशीचं फूल खळीनं डकवलेलं. बाजूचं अक्षर तेच, माहं नाव तसंच. खोडलं नाई तू.

शेवटी एक चिठ्ठी. "गीता, सावलीत वाळव, उन्हात नको. कागद रोज बदल. पारिजात पहाटेच येच, दहिवर पुसून." माह्यासाठी काही नाई. मी उलटून पालटून पाह्यलं, पन नाई.

चिठ्ठी म्याच पोरीले वाचून दाखवली. तिनं आयकली, पंचांग छातीशी धरलं, अन् विचारलं, "माय, तू जाळशीन नाई ना?"

देवाची आन घेते म्हनली असती. पन माह्या आनेची किंमत काय, ते घरात समद्यायले ठाव हाय. म्या माही लाकडाची पेटी रिकामी केली, शालू खुंटीले टांगला. पंचांग तिच्या हातानं आत ठेवाले लावलं. कुलूप लावलं, अन् किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात बांधली. म्हनलं, "ही मले देऊ नको. मी मांगली तरी देऊ नको."

काल पेटी उघडाची व्हती त तिनं मले म्हनलं, "माय, तू तिकडे तोंड कर." म्या भिंतीकडे तोंड केलं. तिचं होईपर्यंत उभी राह्यली.

गोजर